लोगो कोणत्या सबडोमेनला द्यायचा आणि कोणत्याला नाही

ऑनलाइन खरेदी केली की बिलाचा मेल येतो आणि त्याच्याशेजारी कंपनीचा लोगो दिसतो. दोन दिवसांनी त्याच कंपनीचा सवलतींचा मेल येतो. तिथे मात्र राखाडी वर्तुळात एखादं इंग्रजी आद्याक्षर. ग्राहकाला प्रश्न पडतो, यातला खरा कुठला? कंपनीच्या मार्केटिंग विभागात यावर डिझायनरला धारेवर धरलं जातं, पण त्या बिचाऱ्याचा यात सहसा काही संबंध नसतो. बिल एका सबडोमेनवरून निघालेलं असतं, जाहिरात दुसऱ्या सबडोमेनवरून, आणि या दोन नावांची कागदपत्रं डीएनएसमध्ये सारखी नसतात.

इनबॉक्समध्ये लोगो दाखवण्याच्या या पद्धतीचं नाव बिमी. जीमेलने तिची चाचणी २०२० साली जाहीर केली आणि जुलै २०२१मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. ॲपल मेलमध्ये ती २०२२च्या आयओएस १६ आणि मॅकओएस व्हेंचुरापासून आली. याहू आणि फास्टमेल ती पाळतात. आउटलुक पाळत नाही, त्यामुळे आउटलुकवाल्या ग्राहकांसाठी डोकेफोड करू नका. एकाच डोमेनवरून मेल पाठवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला बिमी फार जड नाही. बिल, ओटीपी, जाहिराती, भरती, हेल्पडेस्क अशी पाच-सात सबडोमेन सांभाळणाऱ्यांनी मात्र पुढचं सावकाश वाचावं. त्यांच्यासाठी लोगो चढवणं सोपं असतं. तो कुठे चढू नये हे ठरवणं अवघड.

या लेखात ‘उदाहरण.इन’ हे काल्पनिक डोमेन घेतलं आहे. डीएनएसमधल्या नोंदी प्रत्यक्षात रोमन अक्षरांत लिहाव्या लागतात. इथे त्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.

मेलसेवा लोगो शोधते कुठे?

मेल मिळाला की मेलसेवा ‘फ्रॉम’ ओळीतल्या पत्त्याचं डोमेन पाहते. ग्राहकाला जो पत्ता दिसतो, तोच. मेल पाठवणाऱ्या सेवेने आतल्या आत बाउन्स परत येण्यासाठी वेगळा पत्ता वापरला असेल, तर लोगोच्या शोधात त्याला काही किंमत नाही. पुष्कळ जण इथेच फसतात आणि भलत्याच सबडोमेनवर रेकॉर्ड टाकून बसतात.

समजा, फ्रॉममध्ये ‘ऑफर.उदाहरण.इन’ आहे. मेलसेवा आधी ‘डीफॉल्ट._बिमी.ऑफर.उदाहरण.इन’ या नावाचा टीएक्सटी रेकॉर्ड मागते. तो मिळाला तर त्याप्रमाणे वागते. नाही मिळाला, तर थेट मूळ डोमेनकडे, म्हणजे ‘डीफॉल्ट._बिमी.उदाहरण.इन’कडे जाते. शोधाचे थांबे एवढे दोनच.

‘थेट’ हा शब्द इथे महत्त्वाचा. तुमची रचना ‘पुणे.ऑफर.उदाहरण.इन’ अशी तीन पायऱ्यांची असेल आणि तुम्ही रेकॉर्ड मधल्या ‘ऑफर’ पायरीवर टाकला असेल, तर तो कुणी वाचतच नाही. शोध ‘पुणे.ऑफर’वरून उडी मारून मुळाशी जातो. मधल्या पायरीवर वेगळा लोगो लावला की खालच्या सगळ्या शाखांना तो आपोआप मिळेल, ही समजूत चुकीची आहे. अशा प्रत्येक शाखेसाठी वेगळा रेकॉर्ड लागतो.

मूळ डोमेन कोणतं हेही एकदा नीट पाहून ठेवा. ‘डॉट इन’मध्ये ते दोन भागांचं असतं, पण ‘डॉट को डॉट इन’, ‘डॉट एसी डॉट इन’ किंवा ‘डॉट गव्ह डॉट इन’मध्ये तीन भागांचं. ‘को डॉट इन’ हा कुणाच्याही मालकीचा नसलेला सामाईक प्रत्यय आहे, म्हणून मूळ डोमेन ‘उदाहरण.को.इन’ धरलं जातं.

आधी यादी करा

लोगोची फाइल मागवण्याआधी कंपनीच्या नावाने कोणकोणत्या पत्त्यांवरून मेल जातात त्याची यादी करा. आयटी विभागाला विचारून ही यादी कधीच पुरी होत नाही. भरतीचं पोर्टल एचआरने परस्पर घेतलेलं असतं, सर्वेक्षणाची सेवा मार्केटिंगने क्रेडिट कार्डावर सुरू केलेली असते, जुन्या स्पर्धेचं सबडोमेन कुणाच्या लक्षातही नसतं.

खरी यादी डीमार्कच्या, म्हणजे तुमच्या नावाने आलेला मेल तपासणीत नापास झाला तर काय करायचं हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदीच्या, रिपोर्टमधून मिळते. डीमार्क रेकॉर्डमध्ये ‘आरयूए’ या टॅगपुढे एक ईमेल पत्ता दिला की जीमेल, याहूसारख्या सेवा साधारण रोज एक्सएमएल अहवाल पाठवतात. तुमच्या नावाने कुठल्या आयपीवरून किती मेल आले, एसपीएफ (कुठल्या सर्व्हरना मेल पाठवायची परवानगी आहे याची यादी) आणि डीकिम (मेलवरची डिजिटल सही) पास झालं का, हे त्यात असतं. किमान एक महिन्याचे अहवाल पाहा, म्हणजे महिनाअखेरीचे पगारपत्रक किंवा बिलांचे मेलही सापडतील. वर्षातून एकदाच येणाऱ्या मेलसाठी त्या-त्या विभागाला तोंडी विचारावं लागतं.

यादीत प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: मेल कोण पाठवतं, कोणत्या सेवेतून पाठवतं, डीएनएस कुणाच्या हातात आहे, आणि हे नाव अजून लागतं का. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण मूळ डोमेनवर बिमीचा रेकॉर्ड टाकला की त्या क्षणापासून खालचं प्रत्येक सबडोमेन त्या लोगोचं वारस होतं. विसरलेलंसुद्धा.

ही भीती पुस्तकी नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये गार्डिओ लॅब्सच्या संशोधकांनी ‘सबडोमेलिंग’ नावाचा प्रकार उघड केला. नामांकित कंपन्यांची ८,०००हून अधिक डोमेन आणि १३,००० सबडोमेन स्पॅम पाठवण्यासाठी वापरली जात होती. युक्ती साधी होती. कधीकाळी एका जाहिरात मोहिमेसाठी काढलेलं सबडोमेन सीनेम या डीएनएस नोंदीने दुसऱ्या एखाद्या डोमेनकडे वळवलेलं असे. मोहीम संपली, ते दुसरं डोमेन मुदत संपून मोकळं झालं, भामट्यांनी ते विकत घेतलं आणि मूळ कंपनीचं सबडोमेन आयतं त्यांच्या हाती आलं. एमएसएनचं असंच एक जुनं सबडोमेन त्यांनी मिळवलं होतं. असे मेल एसपीएफ पास होतात, आणि त्या जोरावर डीमार्कही.

जून २०२३मध्ये एका बड्या कुरिअर कंपनीच्या नावाचा बनावट मेल जीमेलमध्ये ओळख पटल्याच्या निळ्या खुणेसह दिसला होता. तोही एसपीएफच्याच वाटेने घुसला होता. त्यानंतर गूगलने लोगोसाठी डीकिमची सही सक्तीची केली. पण मेलसेवा दार बंद करेल या भरवशावर राहू नका. यादीतली मेलेली सबडोमेन डीएनएसमधून काढून टाका आणि एसपीएफमधले बंद पडलेल्या सेवांचे ‘इन्क्लूड’ खोडा. मूळ डोमेनवर लोगो त्यानंतरच चढवा.

डीमार्क: एक सैल धागा सगळं उसवतो

बिमीला डीमार्कची पॉलिसी कडक लागते. ‘पी’ टॅगमध्ये ‘क्वारंटाइन’ किंवा ‘रिजेक्ट’ हवं. ‘नन’ चालत नाही. क्वारंटाइन असेल तर टक्केवारीचा ‘पीसीटी’ टॅग १०० हवा किंवा मुळात नसावा, कारण तो नसला की १००च धरलं जातं. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलला दिवसाला ५,०००हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क बंधनकारक आहे, पण त्या नियमाला ‘नन’ पुरतं. म्हणून ‘आमचं डीमार्क आहे’ एवढ्यावर समाधान मानून बिमीकडे वळलेल्यांच्या हाती काही लागत नाही.

सबडोमेनवाल्यांसाठी यात तीन खाचखळगे आहेत.

पहिला ‘एसपी’ टॅगचा. मूळ डोमेनच्या डीमार्क रेकॉर्डमधला हा टॅग सबडोमेनची पॉलिसी सांगतो. मूळ डोमेनला ‘रिजेक्ट’ लावायचं आणि सबडोमेनची तयारी झालेली नाही म्हणून ‘एसपी’ला ‘नन’ ठेवायचं, ही तडजोड सर्रास दिसते. बिमीच्या नियमांत ती बसत नाही. ‘एसपी’ ‘नन’ असेल तर मूळ डोमेनच्या मेललाही लोगो मिळत नाही. ‘एसपी’ लिहिलाच नाही तर सबडोमेनना ‘पी’चीच पॉलिसी लागू होते.

दुसरा सबडोमेनच्या स्वतःच्या डीमार्क रेकॉर्डचा. ‘_डीमार्क.ऑफर.उदाहरण.इन’ असा रेकॉर्ड असेल तर त्या सबडोमेनपुरता तोच चालतो आणि मूळ डोमेनचं ‘एसपी’ बाजूला पडतं. मेल पाठवणाऱ्या अनेक सेवा सेटअपच्या वेळी जी रेकॉर्डची यादी देतात, तिच्यात असा ‘नन’वाला रेकॉर्ड असतो. कुणीतरी तो निमूटपणे चिकटवतं आणि पुढे ऑफरच्या मेललाच लोगो का नाही, हे महिनोन्महिने कळत नाही. उलट दिशेनेही हेच खरं: सबडोमेनवर ‘रिजेक्ट’ आहे पण मूळ डोमेन ‘नन’वर आहे, तरीही लोगो मिळत नाही. दोन्हीकडची पॉलिसी कडक लागते.

तिसरा जुळणीचा. डीकिमची सही मूळ डोमेनची आणि फ्रॉम सबडोमेनचं, हे सैल जुळणीत चालतं आणि सैल हाच मूळचा नियम आहे. कुणी ‘एडीकिम’ टॅग ‘एस’वर ठेवून जुळणी कडक केली असेल, तर सही हुबेहूब त्याच सबडोमेनची लागते. मेल पाठवणारी सेवा स्वतःच्याच डोमेनची सही करत असेल, तर मात्र कुठल्याच प्रकारे जुळत नाही. तिच्या सेटिंगमध्ये जाऊन तुमच्या डोमेनची डीकिम चालू करावी लागते.

‘नन’वरून एका झटक्यात ‘रिजेक्ट’वर उडी मारू नका. आधी एकेका सबडोमेनच्या मेलला डीकिम लावून घ्या, अहवालांत नापास मेलचं प्रमाण खाली आलेलं पाहा, मग क्वारंटाइन, मग रिजेक्ट. लोगोच्या हौसेपायी पगारपत्रकं स्पॅममध्ये गेली तर त्याचा जाब मार्केटिंग देणार नाही, तुम्हालाच द्यावा लागेल.

प्रत्येक सबडोमेनसाठी तीन पर्याय

यादी साफ झाली, पॉलिसी कडक झाली, की एकेका नावापुढे निर्णय लिहायचा.

*वारसा.* काहीच करायचं नाही. सबडोमेनवर बिमीचा रेकॉर्ड नसला की मूळ डोमेनचा लोगो दिसतो. बिल, ओटीपी, ऑर्डरची माहिती, वृत्तपत्रिका यांच्यासाठी हाच पर्याय योग्य. ‘असू दे’ म्हणून प्रत्येक सबडोमेनवर रेकॉर्डची नक्कल टाकू नका. लोगोच्या किंवा प्रमाणपत्राच्या फाइलचा पत्ता बदलला की त्या सगळ्या नकला हाताने बदलाव्या लागतात, आणि त्यातली एक हमखास राहते.

*वेगळा लोगो.* समूहातल्या दुसऱ्या ब्रँडचे मेल ‘चहा.उदाहरण.इन’वरून जात असतील आणि चहाच्या ग्राहकाला मूळ कंपनीचं नावही ठाऊक नसेल, तर त्या सबडोमेनवर स्वतंत्र रेकॉर्ड टाका. त्यात ‘एल’ टॅगपुढे लोगोच्या फाइलचा पत्ता आणि ‘ए’ टॅगपुढे प्रमाणपत्राच्या फाइलचा पत्ता येतो. एकाच डोमेनवरून दोन लोगो दाखवण्यासाठी बिमीत ‘सिलेक्टर’ची सोयही आहे: मेलच्या हेडरमध्ये डीफॉल्टऐवजी दुसरं नाव द्यायचं. पण प्रत्येक मेलसेवा या हेडरला मान देईलच असं धरून चालू नका. वेगळा ब्रँड म्हणजे वेगळं सबडोमेन, हा मार्ग अधिक भरवशाचा.

*नकार.* हा पर्याय फार कमी लोकांना ठाऊक असतो आणि सबडोमेनच्या व्यवहारात त्याचाच उपयोग जास्त. रेकॉर्ड टाकायचा, पण त्यातले दोन्ही पत्ते रिकामे ठेवायचे: ‘व्ही=बिमी१; एल=; ए=;’. याचा अर्थ, या नावाला लोगो नको. रेकॉर्ड सापडला म्हणून शोध तिथेच थांबतो, मुळाकडे जात नाही. रेकॉर्ड नसणं आणि रिकामा रेकॉर्ड असणं यांचे परिणाम अगदी उलट आहेत, हे संबंधित सगळ्यांना नीट समजावून सांगा.

नकार कुणाला द्यायचा? चाचणीच्या सर्व्हरला. विक्रेते, वितरक किंवा फ्रँचायझी यांना वापरायला दिलेल्या सबडोमेनला. बाहेरच्या लोकांनी लिहिलेला मजकूर जिथून जसाच्या तसा पुढे पाठवला जातो, अशा हेल्पडेस्क किंवा सूचनांच्या पत्त्याला. विकत घेतलेल्या, पण अजून कारभार हाती न आलेल्या व्यवसायाला. ज्या मजकुराची जबाबदारी तुम्ही घेऊ शकत नाही, त्यावर तुमचा लोगो नको. आणि ज्या सबडोमेनवरून मेल जातच नाहीत, पण वेबसाइटसाठी ते नाव लागतं, तिथे नकारासोबत ‘कुणालाही परवानगी नाही’ असं सांगणारा एसपीएफ रेकॉर्डही टाका.

काही पत्ते तुमच्या हाताबाहेरचे असतात. कंपनीच्या वार्षिक सभेची सूचना शेअर रजिस्ट्रार स्वतःच्या डोमेनवरून पाठवत असेल, तर तिथे तुमचा लोगो येणार नाही, रजिस्ट्रारचा असला तर येईल. तुमचा हवा असेल तर करारात लिहून घ्या, की मेल तुमच्या सबडोमेनवरून आणि तुमच्या डीकिम सहीने जावेत.

प्रमाणपत्रं किती घ्यायची?

याहू प्रमाणपत्राशिवाय लोगो दाखवू शकतं; पाठवणाऱ्याची पत मात्र चांगली लागते. जीमेल आणि ॲपलसाठी प्रमाणपत्र लागतं. प्रकार दोन. व्हीएमसीसाठी लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदलेला हवा. त्यावर जीमेलमध्ये निळी खूणही मिळते. सीएमसीला नोंदणी लागत नाही, पण किमान १२ महिने तो लोगो जाहीरपणे वापरात असल्याचा पुरावा लागतो. जीमेल सीएमसी सप्टेंबर २०२४पासून स्वीकारतं, पण निळ्या खुणेविना.

भारतातली ट्रेडमार्क नोंदणी व्हीएमसीसाठी चालते. अर्ज केला आहे, ‘टीएम’ लावलं आहे, एवढ्याने भागत नाही. नोंदणी पूर्ण झालेली लागते. ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं मुख्य कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो. आक्षेप आले की वेळ वाढतो, म्हणून वेगळ्या ब्रँडचा लोगो लावायचा बेत असेल तर नोंदणी आधी सुरू करा. नोंदलेलं चित्र आणि आज वापरात असलेला लोगो एकच आहे ना, हेही तपासा. मधल्या काळात रीब्रँडिंग झालेल्या कंपन्या इथे अडतात.

खर्चाच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे. प्रमाणपत्र मूळ डोमेनच्या नावाने घेतलं तर तेच सबडोमेनसाठीही चालतं. सबडोमेनच्या नावाने घेतलेलं मुळाला चालत नाही. म्हणून लोगो एकच असेल तर ते मूळ डोमेनच्या नावाने घ्या. एका प्रमाणपत्रात लोगो मात्र एकच मावतो, कारण लोगोचं चित्र प्रमाणपत्राच्या आतच असतं. दुसऱ्या ब्रँडला दुसरं प्रमाणपत्र. व्हीएमसीचा वर्षाचा खर्च लाख रुपयांच्या आसपास जाऊ शकतो, तेव्हा समूहातल्या प्रत्येक छोट्या ब्रँडला वेगळा लोगो हवाच का, हा प्रश्न रेकॉर्ड लिहिण्याआधी विचारलेला बरा.

डोमेन बदललं तर सगळं पहिल्यापासून. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं होतं. जुन्या नावाचं प्रमाणपत्र नव्या नावाला लागू होत नाही. डीकिम, डीमार्क आणि बिमी हे सारं नव्या नावाने उभं करावं लागतं. आणि जुनं डोमेन लगेच सोडून द्यायचं नसतं. त्याची मालकी ठेवा, डीमार्क ‘रिजेक्ट’वर ठेवा, बिमीला नकार द्या. नाहीतर जुन्या नावाने, जुन्या लोगोसह, दुसरंच कुणी ग्राहकांना मेल पाठवेल.

फाइलपुरतं थोडं

लोगो ‘एसव्हीजी टायनी पीएस’ या प्रकारात लागतो. चौकोन समान बाजूंचा, पार्श्वभूमी रंग भरलेली, फाइल ३२ केबीच्या आत. आत शीर्षकाचा टॅग हवा. स्क्रिप्ट, बाहेरच्या लिंक, चिकटवलेली जेपीजी चालत नाहीत. चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली फाइल सहसा जशीच्या तशी चालत नाही; बेस प्रोफाइलची ओळ हाताने बदलावी लागते. फाइल एचटीटीपीएसवर ठेवा आणि सर्व्हरवरची बॉट अडवणारी यंत्रणा मेलसेवांना तिथून परत पाठवत नाही ना, ते पाहा.

लोगो दिसत नसेल तर

या क्रमाने तपासा, मधली पायरी गाळू नका.

१. मेलचं मूळ रूप उघडा. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ हा पर्याय आहे. फ्रॉममधलं डोमेन नेमकं कोणतं ते वाचा आणि डीकिम व डीमार्क दोन्ही पास आहेत का पाहा.

२. त्या सबडोमेनचा स्वतःचा डीमार्क रेकॉर्ड आहे का? असेल तर त्यातला ‘पी’. मग मूळ डोमेनचे ‘पी’, ‘एसपी’ आणि ‘पीसीटी’.

३. सबडोमेनवर बिमीचा रेकॉर्ड आहे का? रिकामा आहे का? एकाच नावावर दोन रेकॉर्ड तर नाहीत?

४. सबडोमेन मेल पाठवणाऱ्या सेवेच्या नेमसर्व्हरकडे सोपवलेलं आहे का? तसं असेल तर त्याखालचे सगळे रेकॉर्ड तिकडेच टाकावे लागतात. तुमच्या झोनमध्ये टाकलेला रेकॉर्ड बाहेर कुणालाच दिसत नाही.

५. ‘एल’पुढची फाइल आणि प्रमाणपत्रातलं चित्र तंतोतंत एकच आहे का? प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये मधल्या प्रमाणपत्रांची साखळी आहे का? मुदत उरली आहे का?

हे सगळं बरोबर असूनही लोगो नसेल, तर दोन दिवस थांबा. मेलसेवा जुनी माहिती काही काळ साठवून ठेवतात. त्यानंतरही नसेल तर त्या सबडोमेनची पत तपासा. ज्या नावावरून येणारे मेल लोक स्पॅम म्हणून ढकलतात, त्याला लोगो देण्याचं बंधन कुठल्याच मेलसेवेवर नाही.

एकदा लावून विसरू नका

प्रमाणपत्राची मुदत साधारण तेरा महिन्यांची, ३९८ दिवसांपर्यंत असते. संपण्याच्या दोन महिने आधीची आठवण कॅलेंडरमध्ये टाका, आणि ती एका व्यक्तीच्या नव्हे, विभागाच्या पत्त्यावर येऊ द्या. नवीन फाइल त्याच जुन्या पत्त्यावर चढवली तर रेकॉर्डला हात लावावा लागत नाही.

कंपनीत एक साधा नियम करा: नवीन सबडोमेन काढण्याच्या अर्जात ‘इथून मेल जाणार का’ आणि ‘लोगो: वारसा, वेगळा की नकार’ हे दोन रकाने भरल्याशिवाय डीएनएसवाल्याने रेकॉर्ड टाकू नये. सबडोमेन बंद करण्याच्या अर्जात सीनेम आणि एसपीएफमधली नोंद काढल्याची सही हवी. हे दोन अर्ज नीट चालले, तर वर्षाकाठी यादी नव्याने करायचं काम अर्ध्या दिवसाचं उरेल.